रक्तातले वेदनाशामक मोजताना

द्रव-क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी आज औषध-विश्लेषणाच्या बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत असते. प्लाझ्माच्या एका मिलिलिटरमध्ये डायक्लोफिनॅकचा एखादा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, असला तरी ती तो हुडकून काढते. नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञांचे आणि एम.एस्सी., एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष साहजिकच या यंत्राकडे असते. पण चुकलेल्या अहवालांचा माग काढत गेले, की चूक बहुतेक वेळा यंत्राच्या अलीकडेच सापडते. रक्त किती वाजता काढले याची नोंद नसते, नळी भलतीच असते, किंवा सलाइन चालू असलेल्या हातातूनच नमुना घेतलेला असतो. असा नमुना कितीही महागड्या यंत्रावर चढवला तरी उत्तर खोटेच येणार. म्हणून हा लेख नळीपासून अहवालापर्यंतची सगळी वाट क्रमाने सांगतो.

आधी विचारा, कशासाठी हवे आहे?

‘पेनकिलर आहे का बघा’ एवढ्याच शेऱ्यासह नमुना आला, तर तो नीट ठेवा आणि फोन उचला. हा प्रश्न अर्धवट आहे. विचारणारा कोण आहे यावर पद्धत, नळी आणि लागणारा वेळ हे सगळे ठरते.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पॅरासिटामॉलची पातळी हवी असते, आणि ती तासाभरात हवी असते. नेहमीच्या मात्रेनंतर ती प्रति मिलिलिटर साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असते. विषबाधेत याच्या कित्येक पट. हे प्रमाण जैवरसायन विभागातल्या नेहमीच्या ॲनालायझरवर आरामात मोजता येते. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटरची वाट बघत बसणे म्हणजे रुग्णाचा वेळ घालवणे.

जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे तपासणाऱ्यांची गरज वेगळी. डायक्लोफिनॅकच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर पातळी फार तर १ ते २ मायक्रोग्रॅमपर्यंत चढते आणि काही तासांत नॅनोग्रॅमवर येते. तो उतार शेवटपर्यंत टिपावा लागतो. गुडघ्याला चोळलेल्या डायक्लोफिनॅक जेलमधून तर गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच औषध रक्तात जाते. इथे मास स्पेक्ट्रोमीटरला पर्याय नाही.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काय शोधायचे हेच बहुधा ठाऊक नसते. क्रीडा क्षेत्रात ट्रॅमाडॉलचा प्रश्न येतो: सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने २०१९ पासून बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या वाळवलेल्या ठिपक्यांवर त्याची तपासणी सुरू केली, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते स्पर्धाकाळात सर्वच खेळांत निषिद्ध झाले. पशुवैद्यकातही हा अंश जीवनमरणाचा ठरला. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांच्या मृत्यूचे कारण डायक्लोफिनॅक असल्याचे दाखवले, आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्याचे उत्पादन थांबवले.

एककही विचारून घ्या. पॅरासिटामॉल मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये सांगतात, सॅलिसिलेट पुष्कळ ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हा दहापटीचा फरक घाईत डोळ्यांआड होतो आणि उपचारच बदलतो.

प्रत्येक औषधाचा स्वभाव

पॅरासिटामॉल रक्तातल्या प्रथिनांना फारसे चिकटत नाही, नमुन्यात बऱ्यापैकी टिकते आणि मोजायला सरळ आहे. नेहमीच्या मात्रेत दर दोन-तीन तासांनी ते निम्मे होते. अडचण एकच: ते घेतल्याचे रुग्णाला माहीतच नसते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असते, कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेनसोबत असते, सॅरिडॉनमध्येही असते. म्हणून ‘पॅरासिटामॉल घेतले का?’ असे विचारू नका; ‘कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, पाकीट दाखवा’ असे विचारा.

ॲस्पिरिनची गोष्ट उलट आहे. रक्तातली एस्टरेज विकरे ते १५ ते २० मिनिटांत निम्मे करतात आणि सॅलिसिलेट उरते. हे काम सुईतून नळीत आल्यावरही चालूच राहते. मूळ ॲस्पिरिनच मोजायचे असेल, तर आधीच बर्फात गार केलेली फ्लोराइडची, म्हणजे राखाडी टोपणाची नळी वापरा आणि लगेच थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. विषबाधेसाठी मात्र सॅलिसिलेट मोजले की पुरते. ते रक्तात आले म्हणजे ॲस्पिरिनच घेतले असे मात्र समजू नका. अंगदुखीच्या अनेक मलमांत आणि बामांत मिथिल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीनचे तेल असते आणि ते कातडीतून रक्तात जाते.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही दोन्ही आम्लधर्मी औषधे ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेली असतात. प्रथिनांपासून सोडवल्याखेरीज ती हाती लागत नाहीत. शिवाय यकृत त्यांना ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देते, आणि ही जोड नाजूक असते. नमुना अल्कधर्मी झाला किंवा उष्णतेत पडून राहिला, तर ती सुटून मूळ औषध परत तयार होते आणि खऱ्याहून जास्त आकडा येतो. म्हणून या औषधांचे नमुने गार ठेवावेत, आणि पुढच्या प्रक्रियेत किंचित आम्ल राखावे.

ट्रॅमाडॉल वेगळ्या कुळातले. २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मॉर्फिन डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या ‘ओपिएट’ चाचणीला ते सापडत नाही, फेंटॅनिलही सापडत नाही. त्या चाचणीचे ‘निगेटिव्ह’ पाहून ‘ओपिऑइड नाही’ असे कधीही लिहू नका.

घड्याळ आणि नळी

पॅरासिटामॉलच्या विषबाधेत वेळेचे महत्त्व किती, हे एका उदाहरणात पाहू. समजा, रात्री ८ वाजता गोळ्या घेतल्या आणि १० वाजता काढलेल्या रक्तात ९० मायक्रोग्रॅम आले. हे जास्त की कमी? याचे उत्तर देता येत नाही. पोटातले औषध अजून रक्तात उतरत असते. आकडा चढतीवर असू शकतो. बॅरी रुमॅक आणि हेन्री मॅथ्यू यांनी १९७५ मध्ये मांडलेला आलेख ४ तासांपासून सुरू होतो तो याचसाठी. तेव्हा निर्णयाचे रक्त रात्री १२ वाजता काढायचे. सध्या सर्रास वापरली जाणारी उपचाररेषा ४ तासांना १५० मायक्रोग्रॅमपासून उतरते. ब्रिटनने २०१२ मध्ये ती १०० वर आणली. रेषेच्या वर आकडा गेला तर एन-ॲसिटिलसिस्टीन सुरू करतात. ते पहिल्या ८ तासांत मिळाले तर यकृत वाचण्याची खात्री सर्वांत जास्त असते. त्यामुळे नमुना आला की तो रांगेत मागे ठेवू नका.

हा आलेख एका वेळी घेतलेल्या साध्या गोळ्यांसाठीच आहे. दिवसभरात थोड्या थोड्या घेतल्या असतील, सावकाश विरघळणाऱ्या असतील किंवा वेळच माहीत नसेल, तर तो लागू पडत नाही. प्रयोगशाळेने हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे. आणि ‘अजून काही त्रास होत नाही’ म्हणून घरीच थांबणाऱ्यांना सांगावे, की या विषबाधेत पहिला दिवस अनेकदा शांत जातो. यकृताची हानी नंतर दिसते. रुग्णालयात लगेच जावे, त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये.

प्रत्यक्ष रक्त काढताना पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्यांना सूट नाही.

सलाइन किंवा इंजेक्शन चालू असलेल्या हातातून नमुना घेऊ नका. १०० मिलिलिटरच्या बाटलीतून १ ग्रॅम पॅरासिटामॉल शिरेतून देणे आपल्या रुग्णालयांत नित्याचे आहे. त्याच हातातून रक्त काढले, तर रुग्णाच्या शरीरातली नव्हे, बाटलीतली पातळी मोजली जाईल. दुसरा हात धरा.

नळीत जेल असेल तर ती आधी तपासून घ्या. पिवळ्या टोपणाच्या नळीतले जेल काही औषधे शोषून घेते. आपल्या औषधाचे तसे होत नाही याची खात्री होईपर्यंत साधी लाल किंवा हेपॅरिनची हिरवी नळी बरी. जी नळी पद्धत बसवताना वापरली, तीच नंतरही वापरा.

नळी हिसडे न देता आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करा. जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात आणि लालसर झालेला प्लाझ्मा रंगावर चालणाऱ्या चाचण्या बिघडवतो.

लेबल रुग्णाच्या खाटेजवळच लावा. त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक तर हवाच. त्यासोबत शेवटची मात्रा किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढले, या दोन्ही वेळा हव्यात. प्लाझ्मा वेगळा झाला की तो दोन भागांत ठेवा, एक तपासायला आणि एक राखीव, आणि उणे २० किंवा उणे ८० अंशांना गोठवा.

प्रकरण पोलिसांचे असेल तर सील, सह्या आणि हस्तांतराची नोंद ही साखळी कुठेही तुटता कामा नये. मृत्यूनंतरचा नमुना असेल तर तो जांघेतल्या शिरेतून घ्यावा, कारण हृदयातल्या रक्तात आसपासच्या अवयवांतून औषध झिरपलेले असू शकते.

प्रथिनांपासून सोडवणूक

सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रथिने साकळवणे. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मात अंतर्गत मानकाचे द्रावण मिसळा, मग ३०० मायक्रोलिटर गार ॲसिटोनायट्राइल घाला. थेंब पडताच नळीत दुधाळ गढूळपणा येतो. ती प्रथिने आहेत. मिनिटभर व्हॉर्टेक्सवर धरा आणि वेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटे फिरवा. तळाला पांढरा घट्ट गोळा बसतो, वर नितळ द्रव राहतो. पिपेटचे टोक त्या गोळ्याला न लावता वरचा द्रव उचला. अंतर्गत मानक आधी घालायचे, नंतर नाही, हे विसरू नका. पुढे जे काही सांडेल, उडेल, कमी पडेल, ते मानकाच्या बाबतीतही तेवढेच व्हायला हवे.

ही रीत झटपट आहे, पण प्लाझ्मातली फॉस्फोलिपिडे मागे ठेवते आणि तीच मास स्पेक्ट्रोमीटरमधला इशारा दाबून टाकतात. अगदी सूक्ष्म अंश हवा असेल तर द्रव-द्रव निष्कर्षण करा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकसाठी आधी नमुना आम्ल करा, म्हणजे रेणूंवरचा भार जाऊन ते एथिल ॲसिटेटमध्ये उतरतात. तो थर वेगळा करून नायट्रोजनच्या झोतात वाळवा आणि थोड्याशा मोबाइल फेजमध्ये परत विरघळवा. घन-प्रावस्था निष्कर्षणाच्या कार्ट्रिज महाग पडतात, पण नमुना सर्वांत स्वच्छ तेच देतात.

यंत्रावर

अतिनील शोधकावर पॅरासिटामॉल २४५ नॅनोमीटरच्या आसपास, डायक्लोफिनॅक २७६ च्या आसपास आणि आयब्युप्रोफेन २२० च्या जवळ चांगले दिसते. मायक्रोग्रॅमच्या पातळीला एवढे पुरते. २२० वर मात्र प्लाझ्मातले इतर कितीतरी पदार्थही दिसतात, त्यामुळे आयब्युप्रोफेनची पीक एकटी उभी आहे याची खात्री करा.

मास स्पेक्ट्रोमीटरवर पॅरासिटामॉल १५२ वरून ११० असे तुटते, डायक्लोफिनॅक ऋण भाराने २९४ वरून २५०, आणि आयब्युप्रोफेन २०५ वरून १६१. ओळख पक्की करायला साधारणपणे दोन तुकडे आणि त्यांचे परस्परप्रमाण बघतात. आयब्युप्रोफेनला ठळक असा एकच तुकडा मिळतो, म्हणून तिथे कॉलममधून बाहेर पडण्याच्या वेळेवर अधिक बारीक नजर हवी.

अंतर्गत मानक शक्यतो त्याच औषधाचे, जड समस्थानिक घातलेले घ्यावे. इथे डायक्लोफिनॅकची एक खुबी लक्षात ठेवा. त्यात क्लोरीनचे दोन अणू असतात. क्लोरीनची जड जात निसर्गतःच असल्यामुळे साध्या डायक्लोफिनॅकचा काही भाग मुळातच ४ एककांनी जड असतो, मुख्य पीकच्या जवळपास दहावा हिस्सा. ड्यूटेरियमचे ४ अणू घातलेले मानक नेमके त्याच वस्तुमानाला येते. नमुन्यात औषध जास्त असले की मानकाची पीक फुगते आणि औषधाचा आकडा कमी दिसतो. कार्बन-१३चे ६ अणू घातलेले मानक घेतले की ही भानगड टळते.

पद्धत सिद्ध झाली म्हणजे काय?

जैवविश्लेषणासाठी २०२२ मध्ये अंतिम झालेली आयसीएच एम-१० ही मार्गदर्शिका आता प्रमाण मानली जाते. तिच्यातल्या मुख्य कसोट्या पाठ असाव्यात. कॅलिब्रेशनला किमान ६ पातळ्या. अचूकता ठरलेल्या मूल्याच्या १५ टक्क्यांच्या आत. सर्वांत खालच्या पातळीला २० टक्के. त्या खालच्या पातळीचा इशारा ब्लँकच्या किमान ५ पट. निवडकता किमान ६ वेगवेगळ्या व्यक्तींच्या प्लाझ्मावर दाखवायची, आणि पेशी फुटलेला व चरबीयुक्त प्लाझ्माही त्यात हवा. गोठवणे-वितळवणे किमान ३ वेळा करून औषध टिकते हे सिद्ध करायचे.

रोजच्या कामात याचा अर्थ असा: ६० नॅनोग्रॅमचा क्वालिटी कंट्रोल नमुना ५१ ते ६९ मध्ये यायला हवा. एका रनमधल्या अशा नमुन्यांपैकी दोन-तृतीयांश, आणि प्रत्येक पातळीवरचे निम्मे तरी पास झाले नाहीत, तर तो सगळा रन बाद. ‘रुग्णाचे आकडे तर बरोबर वाटताहेत’ हे कारण चालत नाही.

बाहेरून येणारा अंश

सूक्ष्म अंश शोधणाऱ्याने आधी स्वतःच्या हातांवर नजर ठेवावी. पाठ दुखते म्हणून सकाळी डायक्लोफिनॅक जेल चोळून कामावर आलेला माणूस हातमोजे, पिपेट आणि नळीची टोपणे यांतून तेच औषध नमुन्यात नेऊ शकतो. अशा दिवशी त्या औषधाचे नमुने दुसऱ्याला द्यावेत, हा नियमच करावा. ‘ब्लँक’ म्हणून वापरायचा प्लाझ्माही पडताळून घ्या. रक्त देणाऱ्याने आदल्या दिवशी डोकेदुखीची गोळी घेतली असेल, तर पॅरासिटामॉलच्या पद्धतीसाठी तो ब्लँक बिनकामाचा आहे. जास्त पातळीच्या नमुन्यानंतर लगेच ब्लँक चालवून मागचे काही यंत्रात रेंगाळत नाही ना, हे प्रत्येक रनमध्ये बघा.

ॲनालायझरवरच्या चाचण्यांचेही असेच सापळे आहेत. पॅरासिटामॉलच्या विकराधारित चाचणीत औषध फुटून पॅरा-ॲमिनोफिनॉल तयार होते आणि त्यापासून निळा रंग येतो. कावीळ बरीच वाढलेल्या रुग्णाच्या पिवळ्या सीरममध्ये औषध नसतानाही अशी चाचणी थोडा आकडा दाखवू शकते, आणि नेमके अशाच रुग्णात यकृत निकामी होण्याचे कारण शोधले जात असते. फेरिक लवणाने जांभळा रंग देणारी, १९५४ मध्ये ट्रिंडर यांनी मांडलेली सॅलिसिलेटची चाचणी स्वस्त आणि उपयोगी आहे, पण तीही इतर काही पदार्थांनी फसते. नमुन्याचा रंग पाहून अहवालावर तशी नोंद करा, आणि शंका असेल तर क्रोमॅटोग्राफीने खात्री करा.

अहवाल लिहिताना

‘शून्य’ हा शब्द अहवालात नको. ‘या पद्धतीच्या ५ नॅनोग्रॅम या खालच्या मर्यादेपेक्षा कमी’ असे, आपली जी मर्यादा असेल ती देऊन लिहा. वापरलेली पद्धत, नमुन्याचा प्रकार, एकक आणि रक्त काढल्याची वेळ हे चारही अहवालावर छापलेले असावे.

रक्तात औषध सापडले नाही म्हणजे परिणाम संपला असेही नाही. ॲस्पिरिन रक्तातून काही तासांत जाते, पण बिंबिकांवरचा त्याचा परिणाम त्या बिंबिकांच्या आयुष्याइतका, ७ ते १० दिवस टिकतो. शस्त्रक्रियेआधी ‘रक्तात ॲस्पिरिन नाही’ एवढ्या अहवालावर विसंबून चालत नाही. डायक्लोफिनॅक रक्तातून उतरल्यावरही सांध्यातल्या द्रवात जास्त काळ राहते. उलट, एखाद्या नॅनोग्रॅमचा अंश सापडला म्हणून विषबाधा झाली असेही ठरत नाही. आकडा प्रयोगशाळेने द्यावा. अर्थ रुग्ण, वेळ आणि आकडा एकत्र पाहूनच लावावा.

शेवटी एकच विनंती, रक्त काढणाऱ्या, पोहोचवणाऱ्या आणि तपासणाऱ्या प्रत्येकाला: मात्रेची वेळ आणि नमुन्याची वेळ नळीवर लिहिल्याशिवाय ती नळी हातावेगळी करू नका. वेळ नसलेली नळी आली तर वॉर्डला फोन करून ती मिळवा, आणि मगच नमुना यंत्राला लावा.